दाणाबदलाचा रोल

कारखान्यात तू काय करतेस असं कुणी विचारलं की वार्सिना म्हणे, "ओढते." एवढंच. विचारणाऱ्याला वाटे, गाडी ओढत असेल नाहीतर पोती. ती ओढायची प्लॅस्टिकची पट्टी. हातभर लांब पट्टी दोन्ही हातांच्या चिमटीत धरायची, डोळे किंचित मिटायचे आणि सावकाश ताणायची. ती कुठे सैल पडते, कुठे अडते, तुटताना कशी तुटते, हे बोटांनी ओळखून सांगायचं. पांडान गावच्या त्या कारखान्यात हे काम तिनं एकोणीस वर्षं केलं.

आमच्या गल्लीत ती माझ्यापासून चौथ्या घरात राहते. तिची एकुलती मुलगी लिस्त्यानी मी शिकवते त्या शाळेत होती. लिस तिसरीत असताना वडील वाळूच्या ट्रकवर गेले आणि परत आले नाहीत. पालकसभेला वार्सिना शेवटच्या बाकावर बसायची, काही बोलायची नाही, नुसती मुलीच्या वहीचं पान अंगठा आणि तर्जनीत धरून चोळायची. जाताना मला हळूच म्हणायची, "बू गुरू, या वर्षीचा कागद गेल्या वर्षीपेक्षा हलका आहे." मी दुकानदाराला विचारलं तर तो ओशाळला. बाईचं खरं होतं.

त्या कारखान्यात प्लॅस्टिकचा दाणा वितळवून त्याचा उंच फुगा काढतात आणि तो फुगा वर चपटा होऊन लांबच लांब पिशवीसारखा रोलवर गुंडाळला जातो. एक दाणा कडक, एक मऊ. कडक फिल्मचं काम संपून मऊचं लागलं तरी मशीन थांबवत नाहीत. वरच्या पेटीत कडक दाणा तळाला गेला की त्याच्यावरच मऊ ओततात. आतला जुना माल एकदम जात नाही. तो भिंतींना धरून असतो, थोडा थोडा वाहत राहतो. त्यामुळे पुढचा तासभर निघणारी फिल्म धड ही नाही, धड ती नाही. आधी सगळी कडक, मग दहात एक भाग मऊ, मग दोन, मग पाच, असं सरकत सरकत तीनशे-साडेतीनशे मीटरनंतर सगळी मऊ. मधे कुठे रेघ नसते. डोळ्यांना पहिला मीटर आणि शेवटचा मीटर सारखाच पारदर्शक.

दर वीस मीटरला एक पट्टी कापून तारेवर ओळीनं लटकवायची, वर खडूनं आकडा टाकायचा आणि वार्सिनानं एका टोकाकडून ओढत जायचं. पंधरावी ओढली, सोळावी ओढली, सतरावीला थांबली आणि म्हणाली, "इथून पुढे गिऱ्हाइकाला द्या." दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतली मुलं यंत्रावर तपासायची. तिच्या बोटांत आणि यंत्रात एका पट्टीपेक्षा जास्त फरक पडल्याचं कधी कुणी ऐकलं नाही. ती मुलंसुद्धा तिला यू वार्सिना म्हणत, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं.

त्या मधल्या तासाची फिल्म गिऱ्हाइकाला चालत नाही. ती कामगारांची. महिनाअखेरीला दाणाबदलाचे रोल वाटले जातात आणि तेव्हाही वार्सिनाचाच शब्द. कडक बाजूला सगळे डोकं म्हणतात, मऊ बाजूला शेपूट. डोकं छपरावर, मासळीच्या टाकीला, गोठ्यातल्या गॅसच्या पिशवीला. मधलं पोट पापड वाळवायला, भाताच्या राशीवर टाकायला. शेपूट टेबलावर अंथरायला, नाहीतर पुस्तकांना घालायला. माझ्या शाळेतल्या निम्म्या मुलांच्या पुस्तकांना वार्सिनाच्या रोलची शेपटं होती.

वाटायचं कसं, तेही ठरलेलं होतं. मशीनवर रोल गुंडाळताना डोकं आत नळीपाशी जातं आणि शेपूट बाहेर राहतं. म्हणून गुंडाळणीवरचा कुस्नान तो रोल आपल्या यंत्रावर एकदा उलटा फिरवून घ्यायचा. मग डोकं बाहेर. बाहेरून कापत गेलं की आधी डोकं, शेवटी शेपूट. वार्सिना बाहेरचं टोक एकदा चिमटीत ओढून बघायची, "डोकं" म्हणायची, आणि कात्री चालायची.

गेल्या वर्षी पावसाच्या आधी तिच्या पायातली चप्पल मागे राहायला लागली. ती चार पावलं पुढे जायची आणि कुणीतरी हाक मारायचं, "यू, चप्पल." चप्पल निघाल्याचं पायाला कळलेलंच नसायचं. आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेनं बोटाला सुई टोचली आणि म्हणाली, "काकू, तुम्हाला दुखलं नाही?" वार्सिना म्हणाली, "दुखलं की." दुखलं नव्हतं. साखर किती निघाली ते ऐकून ती घरी आली आणि तिनं चहात साखर घालणं सोडलं. आमच्याकडे बिनसाखरेचा चहा पिणारी बाई म्हणजे घरात कुणी वारलं असावं असं वाटतं. मी विचारलं तर म्हणाली, "आता गोड आवडत नाही." पाय ठीक आहे, पायानं कुणी फिल्म ओढत नाही, असं ती स्वतःला सांगत होती. मग दोनतीन महिन्यांत बोटंही गेली.

एकदम नाही गेली. आधी डाव्या करंगळीला पातळ मोजा घातल्यासारखं झालं. मग अंगठ्याला. पट्टी ओढली की ताण खांद्यात कळायचा, बोटांत नाही. तिनं कुणाला सांगितलं नाही. ओढता न येणाऱ्या ओढणारीचं कारखान्यात काय काम? लिसचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं, तिला दिवस गेले होते. बाळंतपणासाठी काहीतरी बाजूला टाकायला हवं होतं. वार्सिनानं एक युक्ती काढली. पट्टी ओढायच्या आधी ती हळूच वरच्या ओठाला लावायची. ओठाला अजून सगळं कळत होतं. कडक फिल्म ओठावरून घसरते, मऊ जराशी धरते. हे कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून ती घाम पुसल्यासारखं करायची. तरी एकदा कुस्नाननं पाहिलंच. "काय यू, पट्टीशी लग्न लावताय का?" सगळे हसले, तीही हसली. त्यानंतर चारचौघांत ती ओठाला लावेनाशी झाली. वाटपाच्या दिवशी तर सगळे भोवती उभे असत. त्या दिवशी ती नुसती चिमटीत ओढायची, आणि डोकं बाहेर असतं हे माहीत असल्यामुळे "डोकं" म्हणायची. ते चुकण्याचं कारणच नव्हतं.

लिस दिलेली वर डोंगरात, नोंगकोजाजारला. गाईगुरांचं घर. जावई पुर्वादीनं शेणाचा खड्डा बांधून घरात गॅस आणला होता. गॅस साठवायची पिशवी जुनी होऊन फाटली तेव्हा वार्सिना अभिमानानं म्हणाली, "मी देते. डोकं देते." तिनं आठ मीटर कापून दिली. थंडीत गॅस चालत नाही म्हणून पुर्वादीनं ती पिशवी स्वयंपाकघरातच छपराच्या वाशांना बांधली होती, शेगडीच्या वर, दाब यायला दोन दगड लटकवून. आमच्या भागात बरेच जण असंच करतात. कुणाला काही वाटत नाही.

लिसला सातवा महिना लागला. सातव्या महिन्याची आंघोळ घालायचा दिवस ठरला, रविवारचा. वार्सिनानं रविवारची रजा घेतली. शनिवारी ती कामावर होती, आणि वर डोंगरात विहीणबाईंच्या घरी शेजारपाजारच्या बाया जमून सकाळपासून रांधत होत्या.

दुपारी जेवायला बसल्यावर कुस्नान म्हणाला, "यू, उद्या आमच्यासाठी काय आणणार?"

"जेनांग आणीन."

"नुसती खीर? तुझी विहीण म्हणे काळं मटण असं करते की माणूस आपल्या बायकोला विसरतो."

"तुला विसरायला मटण कशाला पाहिजे?" पलीकडची बाई म्हणाली.

कुस्नान हसला. दात कोरता कोरता त्याला काही आठवलं. "ए यू, एक सांगायचं राहूनच गेलं. जावयासाठी तू ज्यातून कापलंस ना, तो रोल मी दोनदा फिरवला होता. पहिल्यांदा कड वाकडी बसली, म्हणून परत फिरवला. घरी गेल्यावर डोक्यात आलं, अरे, यूला सांगितलंच नाही, शेपूट बाहेर गेलं. म्हटलं उद्या शिव्या खायच्या. पण तू काही बोलली नाहीस. मग म्हटलं, हिला कशाला सांगायला पाहिजे? हिचे डोळे बांधून रोल हातात दिला तरी हिची बोटं डोकं शोधतील. वाटपाला मी नव्हतो, पण आतून कापलं असशील."

वार्सिनाच्या हातात भाताचा घास होता. तो तिनं पानात ठेवला.

"नक्की दोनदा?"

"दोनदा म्हणजे दोनदा."

"शेवटचा तुकडा कुणी नेला?"

"मीच. उरलेलं शेपूट म्हणून नंतर नेला, कोंबड्यांच्या खुराड्यावर घालायला. निघाला पत्र्यासारखा कडक. पावसात असा वाजतो की कोंबड्या झोपत नाहीत." कुस्नानला त्याच्या नशिबाचं हसू येत होतं. वार्सिनानं आतून कापलं असतं तर तो कडक तुकडा त्याच्या वाट्याला येताच ना. हे त्याच्या डोक्यात आलं नाही. तिच्या आलं.

तिनं बाहेरून कापलं होतं. सवयीनं टोक ओढलं होतं, बोटांना काही कळलं नव्हतं, आणि ती "डोकं" म्हणाली होती. आठ मीटर शेपूट घडी करून तिनं स्वतःच्या हातानं पुर्वादीच्या दुचाकीला बांधून दिलं होतं. मऊ फिल्म उन्हात ठेवली तरी सैल पडते. ही पिशवी गेले तीन आठवडे शेगडीच्या वर होती, आणि आज सकाळपासून शेगडी एकदाही विझली नसणार.

ती दाराशी गेली आणि लिसला फोन लावला. फोन विहीणबाईंनी उचलला. सुकेनी त्यांचं नाव. बाई तोंडानं फटकळ, पण लिसला जीव लावतात.

"कोण, विहीणबाई का? लिसचे हात नारळात आहेत."

"आज गॅस बंद ठेवाल का? लाकडावर करा."

"का बरं?"

इथे सांगता आलं असतं. मागच्या बाकावर पर्यवेक्षकसाहेब, पाक विबिसोनो, कॉफी पीत बसले होते, तिच्यापासून दोन हातांवर. कुस्नान दारातच उभा होता. वार्सिनाच्या जिभेवर आलेलं वाक्य तिनं गिळलं.

"मला बरं वाटत नाही. मनात काहीतरी वाईट येतंय."

"मनात यायला काय लागतं हो. इथं दोन पातेली नारळाचं दूध चढवलंय. ते फाटलं तर उद्या पाहुण्यांना तुमचं मन वाढू का?" पलीकडे बायकांचं हसणं ऐकू आलं. "आणि पिशवी तुम्हीच दिलीत ना? साऱ्या गावाला सांगितलंत, डोकं आहे, दहा वर्षं हलणार नाही. आता त्यावर भरवसा नाही होय?"

"खिडकी तरी उघडी ठेवा."

"हे पांडान नाही बाई. इथं थंडी आहे. उद्या या निवांत." फोन बंद झाला.

पोट दुखतंय असं पाक विबिसोनोंना सांगून ती निघाली. फाटकाबाहेर येताच तिनं पुन्हा फोन लावला. आता ती सगळं सांगणार होती. फोन वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. हिची आई दर पाच मिनिटांनी घाबरते म्हणून सुकेनीबाईंनी तो आतल्या खोलीत उशीखाली ठेवला होता, हे नंतर कळलं. पुर्वादी नारळ आणायला बाजारात गेला होता आणि त्याचा फोन घरीच होता.

पुर्वोसारीपर्यंतची गाडी भरल्याशिवाय सुटत नाही. आत सहाजण होते, अजून चार हवे होते. वार्सिना म्हणाली, "चला ना." ड्रायव्हर म्हणाला, "काकू, घरी काय दूध उतू जातंय?"  तिच्या तोंडाकडे बघून त्यानं गाडी सुरू केली. पुर्वोसारीला उतरून तिनं दुचाकीवाला केला. चढाला लागल्यावर फोनची रेघच गेली. तिनं मला नंतर सांगितलं की त्या चढावर ती एकच हिशोब करत होती. लिस कुठे बसली असेल. नारळ खवायला ती नेहमी शेगडीजवळच्या बुटक्या स्टुलावर बसते, तिथे ऊब असते म्हणून. स्टुलाच्या बरोबर वर पिशवीचं तोंड येतं, जिथे नळी रबरानं बांधलेली असते. सगळ्यात जास्त ताण तिथेच.

गावाच्या अलीकडच्या वळणावर तिला धूर दिसला. पांढरा, दाट, घरांच्या वर उभा राहिलेला. तिनं दुचाकीवाल्याचा खांदा इतका घट्ट धरला की तो ओरडला. पुढे गेल्यावर कळलं, कुणीतरी सफरचंदाच्या बागेतला पाला जाळत होतं. "काय झालं काकू?" त्यानं विचारलं. "काही नाही, चल," ती म्हणाली. तिला धूर दिसल्याचं नाही, धूर दिसताच आपल्या मनात आधी काय आलं त्याचं भय वाटत होतं. मनात आलं होतं की फोनवर सांगायला हवं होतं, आणि आता कुणालाच कळणार नाही की मी सांगितलं नाही.

स्वयंपाकघरात आठनऊ बाया होत्या. शेगडी फुत्कारत होती. लिस त्याच स्टुलावर बसून, पाय फाकवून, मोठ्या पोटासमोर परात धरून खोबरं खवत होती. वर पिशवी फुगून छपराला टेकली होती. घरात शेणाच्या गॅसचा वास होता, पण तो त्या घरात रोजच असतो, त्यामुळे कुणाला वेगळा येत नव्हता.

"एमाक?" लिस आईकडे बघत म्हणाली. "आजच आलीस?"

वार्सिना सरळ शेगडीपाशी गेली आणि तिनं चावी फिरवून ज्योत विझवली.

"अहो, अहो," सुकेनीबाई डाव घेऊनच वळल्या. "दूध आहे ते. हलवणं थांबलं की फाटतं."

वार्सिनानं लिसला हाताला धरून उठवलं, स्टूल ओढलं आणि त्यावर चढली. पिशवीला तिनं ओठ लावला. बायांत हशा पिकला. "बघा ग, पोरीच्या आधी पिशवीचा मुका." फिल्म कोमट होती. ओठ सोडवताना ती थोडी बरोबर आली, सुटायला वेळ लागला. तिनं अंगठ्यानं दाबलं. अंगठ्याला काही कळलं नाही, पण डोळ्यांना दिसलं. खळगा पडला तो तसाच राहिला. वर आला नाही. नळीच्या तोंडाशी फिल्म रबराच्या खालून सरकून पातळ झाली होती, तापल्या दुधावरच्या सायीइतकी.

ती खाली उतरली. सुकेनीबाईंच्या हातात काड्यापेटी होती.

"लावू नका."

"विहीणबाई, तुमचा मान ठेवला. आता बाजूला व्हा. मुलीचं कौतुक उद्या करा. आज मला चाळीस माणसांचं रांधू द्या."

"ते शेपूट आहे."

"काय?"

"मी डोकं म्हणून दिलं ते शेपूट आहे. ही पिशवी टिकणारी नाही. तोंडाशी सुटत आलीय."

"तुम्ही तर ओढून बघितलीत म्हणालात. तुमची बोटं चुकत नाहीत म्हणालात." सुकेनीबाईंचा आवाज वर गेला. "लग्नाच्या बोलणीला आलात तेव्हा आमच्या कपड्यांचं कापड चोळून दाखवलंत, हे मिश्रण आहे, ते मिश्रण आहे. सगळ्या पंगतीसमोर."

"माझ्या बोटांना काही कळत नाही," वार्सिना म्हणाली. "सहा महिने झाले. मी कुणाला सांगितलं नाही. ही मी न कळता दिली."

 एका बाईनं हातातली मिरची परातीत ठेवली.

"मग फोनवर का नाही सांगितलंत?"

"साहेब शेजारी बसले होते."

 सुकेनीबाईंनी काड्यापेटी पाण्याच्या बादलीत टाकली. "लिस, बाहेर जा. गोठ्याच्या पलीकडे. पळू नकोस, चाल. सगळ्याजणी बाहेर. कुणी दिव्याच्या बटणाला हात लावू नका." त्यांचा आवाज एकदम खाली आला होता.

पुर्वादी नारळ घेऊन आला तेव्हा अंगणात बाया उभ्या होत्या आणि दारखिडक्या सताड उघड्या होत्या. त्यानं खड्ड्याकडची तोटी बंद केली. चुलतभावाला घेऊन दगड सोडवले, वाशांच्या गाठी सोडवल्या. दोघं पिशवी खांद्यावर घेऊन दाराबाहेर आले, झोपलेलं जनावर आणावं तसे. अंगणात खाली ठेवताना पुर्वादीनं तोंडाशी हात घातला आणि नळीभोवतीची फिल्म रबरासकट त्याच्या मुठीत आली. जोर लावावा लागला नाही. पिशवीनं मोठा सुस्कारा टाकला, वास सुटला, आणि ती सगळ्यांसमोर हळूहळू खाली बसली. पुर्वादी मुठीकडे बघत राहिला. त्यानं ती फिल्म खाली टाकली आणि दोन्ही हात पँटला पुसले, पुन्हा पुन्हा.

लिस गोठ्याच्या भिंतीला टेकून पोटावर हात ठेवून उभी होती. वार्सिना तिच्याजवळ गेली नाही. ती पायरीवर बसली. तिनं दोन्ही गुडघे हातांनी घट्ट धरले. हातांना गुडघे लागत नव्हते.

दूध फाटलं. अंगणात तीन दगड मांडून लाकडं पेटवली आणि नव्यानं नारळ फोडले. धुरानं बायांचे डोळे लाल झाले. सुकेनीबाई सगळ्यांना कामं वाटत होत्या. एका बाईनं वार्सिनासमोर कोबी आणि सुरी ठेवली. "सुरी नको तिला," सुकेनीबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "तांदूळ द्या धुवायला." वार्सिनानं अंधार पडेपर्यंत तांदूळ धुतले. दुसऱ्या दिवशीची आंघोळ ठरल्याप्रमाणे झाली. सात घरचं पाणी आलं, फुलं आली, लिसला सात बाटिक वस्त्रं नेसवून झाली. मी गेले होते. वार्सिना सबंध वेळ दाराशी उभी होती आणि कुणी काडी ओढली की तिची मान त्या बाजूला वळत होती.

सोमवारी तिनं पाक विबिसोनोंना सगळं सांगितलं.  मग त्यांनी प्रयोगशाळेच्या वह्या मागवल्या. त्या सहा महिन्यांत गिऱ्हाइकाकडे चुकीचा माल गेला नव्हता. पण दोनदा यंत्रावर तिची पट्टी चार-चारनं चुकलेली निघाली होती. मुलांनी गुपचूप आकडा दुरुस्त केला होता. यूचा एखादा दिवस वाईट असतो, तिला कशाला दुखवा, असं त्यांना वाटलं होतं. हे ऐकून वार्सिना पहिल्यांदा रडली. "मला सांगायला हवं होतं रे," ती म्हणाली. त्यातला एक मुलगा खाली मान घालून म्हणाला, "यू, आम्हालाही तुमची भीती वाटायची."

तिला काढलं नाही. आता ती बांधणीच्या खात्यात आहे. तारेवरच्या पट्ट्या दुसरी बाई ओढते आणि प्रत्येक वाटपाला यंत्राचा आकडा लावतात. त्या महिन्यात वार्सिना आमच्या गल्लीत घरोघर फिरली. सहा महिन्यांत जिथे जिथे तिनं "डोकं" म्हणून फिल्म दिली होती ती परत मागत होती. लोक म्हणाले, अगं छपरावर आहे, फाटली तर गळेल, एवढंच. ती दारातून हलायची नाही. शेवटी लोक शिडी लावायचे.

लिसला मुलगी झाली. चाळीस दिवसांच्या आत मी बघायला गेले, तेव्हा वार्सिना तिथेच होती. बाळाच्या आंघोळीची वेळ झाली. पितळी परातीत पाणी काढलेलं होतं, त्यातून वाफ येत होती. बाळ वार्सिनाच्या मांडीवर होतं. तिनं हात पाण्याकडे नेला आणि मागे घेतला.

"विहीणबाई," तिनं आत हाक मारली.

सुकेनीबाई हात पुसत आल्या. त्यांनी कोपर पाण्यात बुडवलं. "गार पाणी घाला अजून एक तांब्या."

तिनं घातलं. त्यांनी पुन्हा कोपर बुडवलं. "हं. घाला आता."

वार्सिना बाळाला घट्ट धरून बसली होती. तिनं तांब्या उचलला नाही.

"परत एकदा बघता का?" ती म्हणाली.

सुकेनीबाईंनी तिच्याकडे बघितलं.  त्या खाली बसल्या आणि तिसऱ्यांदा कोपर पाण्यात घातलं.